बालाजीला न बोललेले केस

शिवकन्या सकाळच्या एसटीनं लातूरला गेली तेव्हा तिची वेणी कमरेच्या खाली लोंबत होती, आणि संध्याकाळी फाट्यावर उतरली तेव्हा मान उघडी होती. फाट्यापासून घरापर्यंत जेवढी माणसं भेटली तेवढ्यांनी तिच्याकडं वळून वळून पाहिलं. एकानंही काही विचारलं नाही. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या गावांचं असंच असतं, आधी सगळे गप्प बसतात आणि मग महिनाभर दुसरा विषय निघत नाही.

ती वेणी तशी शिवकन्येची कधी नव्हतीच. दयानंदकडचे तिला बघायला आले होते, तेव्हा चहा-पोहे झाल्यावर इंदूबाईनं, म्हणजे होणाऱ्या सासूनं, प्रेमानं सांगितलं होतं, जरा वेणी सोड गं माय. तिकडची रीतच ती. मुलीला चालायला लावायचं, सही करायला लावायची आणि केस सोडायला लावायचे. शिवकन्येनं केस सोडले, तर इंदूबाईनं उठून एक हिसका देऊन पाहिला, गंगावन तर लावलेलं नाही ना म्हणून. केस खरे निघाले आणि लग्न ठरलं. तेव्हापासून 'दयानंदच्या बायकोचे केस' ही गावात बोलायची गोष्ट झाली. लग्नकार्यात बाया यायच्या, वेणी हातात घेऊन बघायच्या, सोडून द्यायच्या. दर रविवारी घंगाळभर पाणी तापवायचं, शिकेकाई लावायची, गुंता सोडवायचा आणि दुपारपर्यंत ओल्या डोक्यानं स्वयंपाक करायचा, यातलं काही करायला मात्र त्या बायांपैकी एकही कधी आली नव्हती.

मग उन्हाळ्यात दयानंद मोटारसायकलवरून पडला. पाय मोडला, लातूरच्या दवाखान्यात रॉड टाकला. शिवकन्या त्याच्या खाटेखाली चटई टाकून राहिली. डोक्याला ना तेल ना पाणी, केसांचा नुसता दोर झालेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याजवळ त्याची बहीण होती, नांदेडची, शाळेतून निवृत्त झालेली. तिचे केस पोरासारखे बारीक कापलेले. रोज सकाळी ती नळाखाली डोकं धरायची, टॉवेलनं पुसायची, केसांतून बोटं फिरवायची, की झालं. शिवकन्या रोज सकाळी ते बघायची. सोय दिसली म्हणून तिनं केस कापले असं नंतर पुष्कळांनी स्वतःच्या समाधानासाठी ठरवून टाकलं, पण खरं सांगायचं तर सोय ही मागाहूनची गोष्ट. तिला त्या बाईची मान आवडली होती. आपली मान कशी असेल, ती कधी कुणी पाहिलीच नाही, आपणही नाही, हे तिच्या मनात आलं आणि दयानंदला घरी आणल्यावरही ते जाईना.

पुनमचं पार्लर लातुरात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आहे. पुनमनं पहिल्यांदा विचारलं, घरी सांगून आलात का? तिला परवानगीशी देणंघेणं नव्हतं, तिला अनुभव होता. दोनदा नवरे जिना चढून भांडायला आले होते. शिवकन्या म्हणाली की डोकं माझं आहे, आणि खुर्चीत बसली. भिंतीवर नट्यांसारख्या पोरींचे फोटो होते. शिवकन्येनं त्यातल्या एकीकडं बोट दाखवलं, तर पुनमनं तो फोटो सरळ मोडीत काढला. तिचे केस सुतासारखे सरळ आहेत, तुमचे दाट आणि लाटेचे, खांद्यापर्यंत ठेवले तर कडब्याच्या पेंडीसारखे फुलतील. मग तिनं शिवकन्येचं डोकं पुढं वाकवून मानेवर बोट फिरवलं. डावीकडं भोवरा होता. कपाळ लहान होतं, म्हणून पुढं बटा सोडायच्या नाहीत. एकतर हनुवटीपर्यंत ठेवा आणि जन्मभर पिना लावत बसा, नाहीतर मान पूर्ण मोकळी करा, कान उघडे, वर जरा जाड, भांग एका बाजूला. शिवकन्या म्हणाली, मान मोकळी करा.

पुनमनं एक गोष्ट आधीच बजावली. केस छोटे केले म्हणजे काम संपलं असं समजू नका. लांब केस विसरून चालतात, छोटे विसरून चालत नाहीत. पाच-सहा आठवडे झाले की मानेवर उतरायला लागतात, तेव्हा आलं नाही तर कोंबड्याच्या शेपटासारखे दिसतात आणि मग लोकच काय, तुम्ही स्वतः म्हणाल की कशाला कापले.

वेणी दोन्हीकडून बांधून कापली. ती पिशवीत घालून पुनमनं हातात दिली तेव्हा शिवकन्येला तिच्या वजनाचं नवल वाटलं. डोकं मागं ओढणारं आता काही नव्हतं. आरशात तिनं स्वतःकडं इतका वेळ पाहिलं की पुनमला दुसरं गिऱ्हाईक बसवायला तिला उठवावं लागलं. आपण छान दिसतो असं तिला वाटलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

घरी ओट्यावर इंदूबाई आणि शेजारची नागम्मा तूर निवडत बसल्या होत्या. नागम्मानं पदर तोंडाला लावला आणि अगं माय, हे काय करून आलीस, असं विचारलं. आता इंदूबाईचा एक गुण सांगायला हवा. घराच्या अब्रूचा प्रश्न आला की तिला विचार करावा लागत नाही, तोंड आपोआप चालतं. सुनेकडं बघून तिचा चेहरा पडला होता, पण नागम्माकडं वळेपर्यंत तो जागेवर आला होता.

"बालाजीला केस बोलली होती," ती म्हणाली. "दयानंदच्या पायासाठी."

नागम्मानं तिथल्या तिथं हात जोडले. सकाळी गेलेली बाई तिरुपतीहून संध्याकाळी परत आली कशी, हे विचारायचं तिला सुचलं नाही, पण इंदूबाईनं तेही भोक बुजवून टाकलं. केस लातुरात उतरवले, गावातल्या वीरण्णाची जीप दरसाल तिरुपतीला जाते तिच्याबरोबर हुंडीत पाठवायचे. आणि खरोखरच पाठवले. न बोललेलं दान त्या वर्षी देवाला मिळालं, देवानं काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

शिवकन्येनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या घरी सासू नसावी. ती दमली होती, भांडणाची तयारी करून आली होती आणि भांडण झालंच नव्हतं. तिनं ते पदरात पाडून घेतलं.

दयानंदला खरं माहीत होतं. पहिल्या दिवशी तो बायकोकडं बघून भिंतीकडं तोंड करून झोपला होता. पण मग लोक यायला लागले. काय बायको मिळाली तुला, नवऱ्याच्या पायासाठी एवढे केस उतरवले! असं चार जणांनी तोंडावर म्हटलं की भल्याभल्यांना पटतं. महिन्याभरात तो काठी टेकत फाट्यावरच्या हॉटेलात जाऊ लागला, तिथं पँट वर करून टाके दाखवू लागला आणि डॉक्टरचं नाव घ्यायच्या आधी बायकोच्या केसांचं नाव घेऊ लागला. एकदा शिवकन्या समोर असताना त्यानं ते सांगितलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. शिवकन्येला हसूही आलं आणि रागही आला, आणि राग जरा जास्तच आला.

तोवर तिचं छोट्या केसांशी जमायला लागलं होतं. एक तांब्या पाण्यात डोकं धुऊन व्हायचं. ओल्या केसांनी झोपलं की सकाळी एक बाजू उभी राहते हे कळलं, मग संध्याकाळी धुणं बंद केलं. तेल बोटाच्या टोकाएवढंच. शेतात गेलं की मानेला ऊन लागायचं, तिथं रुमाल बांधायचा. सगळं जमलं, पण पदर जमेना. बिनअंबाड्याच्या डोक्यावर पदर कशाच्या आधारानं टिकणार? पिन लावावी तर पिनेला धरायला केस नाहीत. सासरे हणमंतराव भला माणूस, ते दारात आले की आधी खोकायचे, म्हणजे सुनेला पदर घ्यायला वेळ मिळावा. ती घ्यायची, तो घसरायचा, ती पुन्हा घ्यायची. शेवटी हणमंतराव खोकून झाल्यावर दुसरीकडं बघायला लागले.

सहावा आठवडा लागला, मानेवर केस उतरले, तशी ती लातूरला निघाली. इंदूबाईला वाटलं होतं, एकदा झालं ते झालं, आता वाढतील. बालाजीला दिलेले केस परत वाढतात, हीच तर त्यातली सोय. आता परत कशाला, तिनं विचारलं. मानेवर आलेत, शिवकन्या म्हणाली. इंदूबाई दारात घुटमळली आणि मग बाहेर जाऊन नागम्माला म्हणाली की ह्या टायमाला सत्यमसाठी बोललीय. सत्यम म्हणजे शिवकन्येचा लेक, लातूरला खोली करून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याच्या पुढल्या वेळी इंदूबाईनं हणमंतरावांचा मोतीबिंदू काढला. त्याच्या पुढल्या वेळी काय काढायचं याची तिला आतापासून चिंता लागली होती, कारण घरात तेवढी आजारपणं शिल्लक नव्हती.

आणि नेमके सत्यमचे मार्क वाढले. मोतीबिंदूही बिनत्रासाचा निघाला. मग काय विचारता! शिवकन्या लातूरला निघाली की बाया दारात यायच्या. कुणी म्हशीचं सांगायची, जाता जाता आमच्या म्हशीचं पण बोल, यंदा तरी गाभ धरू दे. कुणी जावयाच्या दारूचं सांगायची. शिवकन्या नुसती हसायची आणि बाया ते होकार धरायच्या. पार्लरात पुनमला हे सांगितलं तर ती कात्री खाली ठेवून हसली. बिनघोर राहा, ती म्हणाली, आता तुम्हाला कोणी केस वाढवा म्हणणार नाही. हे खरंच होतं. त्यानंच शिवकन्येला झोप येईना.

मग पावसाळा संपता संपता ती पुन्हा निघायच्या तयारीत होती, त्या सकाळी नागम्मा ताट घेऊन आली. ताटात नारळ, खण, हळदीकुंकू. बरोबर गल्लीतल्या चार बाया आणि सगळ्यांच्या मागं नागम्माची लेक रुद्राणी, खाली मान घालून उभी. रुद्राणीला बघायला रविवारी हदगावचे लोक येणार होते. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. आजचे केस रुद्राणीच्या नावानं उतरवायचे आणि तिचं लग्न जमलं की नागम्मा स्वतः तिरुपतीला जाऊन येणार, असं ठरवूनच ती आली होती. इंदूबाई उंबऱ्यात उभी राहून मान डोलवत होती.

शिवकन्येनं रुद्राणीकडं पाहिलं. पोरीची वेणी आत्तापासून घट्ट घालून ठेवली होती. रविवारी ती सोडून दाखवायची होती. हदगावच्यांनी नाही म्हटलं तर ते आपल्या डोक्यावर येणार आणि हो म्हटलं तर पुढच्या वेळी बाळंतपणासाठी ताट येणार, हे तिला लख्ख दिसलं. नारळ घेतला असता तर जन्माची निश्चिंती होती. हवे तेवढे छोटे केस ठेव, कोणी ब्र काढणार नाही, फक्त ते तुझे आहेत असं म्हणू नको. इतका सोपा सौदा बघून तिचं डोकं फिरलं.

"नागम्माकाकू, नारळ घरी न्या," ती म्हणाली. "मी आजवर देवाला एक केससुद्धा बोलले न्हाई."

नागम्माला आधी कळलंच नाही. "मग दयानंदचा पाय?"

"डॉक्टरनं जोडला."

"आन् सत्यमचे मार्क?"

"त्यानं रात्रंदिस बसून पाडले."

"मग तू केस कापतीस तरी कशासाठी?"

"मला आवडतात म्हणून."

बोलता बोलता पदर खांद्यावर आला होता. तिनं तो वर घेतला नाही. हणमंतराव ओसरीत होते, ते सवयीनं खोकले, तरी तिनं घेतला नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. रुद्राणीनं मात्र मान वर करून शिवकन्येच्या मानेकडं पाहिलं, तिथं कोंबड्याचं शेपूट झालेलं होतं. नागम्मा ताट घेऊन वळली आणि जाता जाता इंदूबाईला एवढंच म्हणाली, देवाच्या नावानं खोटं बोललीस होय. इंदूबाई आत गेली.

ते शिवकन्येला लागलं. सासूला बायांपुढं उघडं पाडायचं तिच्या मनात नव्हतं, आणि पाडल्याशिवाय खरं बोलता येण्यासारखं नव्हतं. वाईट वाटत असतानाच तिनं पिशवी उचलली, एसटी धरली आणि पुनमला सांगितलं की ह्या वेळी अजून थोडे बारीक कर.

संध्याकाळी दयानंद वाटच बघत होता. हॉटेलात लोक त्याच्या पायाकडं बघून हसत होते. एकानं विचारलं होतं, रॉड तरी खरा आहे ना? आता गुमान वर्षभर केस वाढव, तो म्हणाला, म्हणजे लोक विसरतील.

"तुमचा पाय मोडला तेव्हा मी रात्र रात्र जागले, चटईवर पडले," शिवकन्या म्हणाली. "ते सांगा की लोकांना. ते खरं हाय. केसांचं कशाला सांगता?"

"बरं, न्हाई सांगत. पण माझ्यासाठी म्हणून वाढव."

"तुमच्यासाठीच वाढवले होते की इतकी वर्षं. आता माझ्यासाठी कापतेय."

दयानंदनं आवाज चढवला. केस कापायला म्हणून या दाराबाहेर पाय टाकायचा नाही, असं त्यानं घर दणाणेल एवढ्यानं सांगितलं. शिवकन्या भाकरी थापायला गेली. पाच-सहा आठवड्यांनी आपण जाणार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. या खेपेला नाही गेलो तर पुन्हा कधीच जाता येणार नाही, हेही ठाऊक होतं.

रविवारी हदगावचे आले, रुद्राणीची वेणी सोडवून पाहिली, पोहे खाल्ले आणि कळवतो म्हणून गेले. कळवलं काहीच नाही. नागम्मानं त्याचं खापर कुणावर फोडलं ते सांगायला नको. भजनात बाया इंदूबाईपासून हातभर लांब बसू लागल्या. इंदूबाई सुनेशी कामापुरतं बोलायची, मीठ दे, दूध बघ, एवढंच. शिवकन्येनं एकदा माफी मागून पाहिली, तर तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग एका दुपारी दोघी शेंगा फोडत बसल्या असताना इंदूबाईनं मान वर न करता विचारलं, "खरं सांग, दुसरं काही न्हाई ना? डोकं दुखतं, उवा झाल्या, काही?"

"न्हाई, आत्याबाई. नुसतं आवडतं."

"एवढंच?"

"एवढंच."

इंदूबाईनं टरफलं बाजूला सारली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्या टायमाला एवढं कुणाला पुरत नव्हतं." माहेरी जायचं तर आईला आजारी पाडावं लागायचं, लुगडं घ्यायचं तर कुणाचं तरी लग्न काढावं लागायचं, घटकाभर बसायचं तर कंबर दुखवावी लागायची. तिला खोटं बोलायची हौस नव्हती. खोट्याशिवाय काही मिळतं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. हे तिनं सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं. शिवकन्येनं आपल्या पुढ्यातले दाणे सासूच्या दाण्यांत सारले. इंदूबाईनं पुढं विषय काढला नाही. सून बरोबर आहे असं ती म्हणाली नाही, चूक आहे असंही नाही.

दिवाळी झाली आणि मानेवर केस उतरले. सकाळी शिवकन्येनं भाजी-भाकरी करून ठेवली, साडी बदलली, पदर खांद्यावरच पिन लावून घेतला आणि पिशवी घेतली. दयानंद ओट्यावर दारातच खुर्ची टाकून बसला होता. रॉडचा पाय त्यानं समोरच्या खांबाला लावून आडवा पसरला होता. बाजूनं जायला वाट नव्हती आणि माणसाला ओलांडून जाऊ नये हे दोघांनाही माहीत होतं. शिवकन्या त्याच्यासमोर उभी राहिली. पाय घ्या, ती म्हणाली. तो गल्लीकडं बघत राहिला. ती हललीही नाही आणि परत आतही गेली नाही. समोरच्या नळावर बायांच्या घागरी भरून वाहू लागल्या, तरी कुणी उचलेना.

तेवढ्यात मागून इंदूबाई उंबऱ्यात आली. तिला बघून नागम्माला राहवलं नाही. तिनं नळावरूनच आवाज दिला.

"इंदूबाई, आज सून कुठल्या देवाला निघाली गं?"

बाया हसल्या. शिवकन्येनं मागं वळून पाहिलं. सासूचा चेहरा पडलेला होता आणि तिला तो चेहरा ओळखीचा होता. आता तोंड आपोआप चालेल, कुणाचं तरी दुखणं निघेल, असं तिला वाटलं. इंदूबाईनं एकदा दयानंदच्या आडव्या पायाकडं पाहिलं.

"देवाला न्हाई," ती गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "लातूरला चाललीय. केस कापायला."

"ते कशासाठी?"

"वाढलेत म्हणून."

नळावरचं हसू थांबलं. इंदूबाई लेकाकडं वळली.

"पाय घे रे," ती म्हणाली. "एसटी चुकंल तिची."

दयानंदनं आईकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी धरून पाय आत घेतला.